थांबली की तापणारी गाडी

आमची गाडी चालताना तापत नसे, थांबली की तापायची. वाक्य एवढंच. पण त्या उन्हाळ्यात मी ते ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाने मान डोलावून म्हटलं, "म्हणजे चालून चालून तापते." पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सातवीच्या मुलांच्या गळी उतरवायलाही मला कधी एवढे कष्ट पडले नव्हते, आणि मी आयुष्यभर भूगोल शिकवलाय.

पहिल्यांदा हे घडलं ते मार्केट यार्डच्या सिग्नलला. पुढे कांद्याचा ट्रक, मागे टेम्पो, बाजूला फुलकोबीची हातगाडी आणि मध्ये आम्ही. तापमानाचा काटा इतकी वर्षं अर्ध्याच्या खाली निवृत्त माणसासारखा पडून असायचा. तो उठून बसला. मग उभा राहिला. लाल रेघेला टेकणार तेवढ्यात ट्रक हलला, आम्ही हललो, आणि पुढच्या चौकापर्यंत काटा निमूटपणे जाऊन पुन्हा पडला. मला वाटलं, भास झाला.

"अहो, पाहिलंत का?" मी शेजारी बसलेल्या दत्तप्रसादांना विचारलं.

"हं," ते म्हणाले.

दत्तप्रसाद म्हणजे माझे यजमान. कोर्टात लघुलेखक होते. सगळी नोकरी लोकांचं बोलणं उतरवून घेण्यात गेली, त्यामुळे शब्दांचा त्यांना कंटाळा आला असावा. घरात 'हं', 'नको' आणि 'बघू' एवढ्यावर त्यांचं भागतं. गाडी त्यांना येत नाही. गाडी मी चालवते. उंच, चौकोनी, डिझेलवर चालणारं हे प्रकरण बायकांनी चालवायचं नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे मी वरून बघते. गाडी उंच असल्याचा तेवढा फायदा.

घरी आल्यावर मी बॉनेट उघडलं. पुण्यात बॉनेट उघडणं म्हणजे सभा बोलावणं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वैजनाथराव लगेच हजर झाले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे जिथे पाणी आहे तो विषय त्यांचा.

"रेडिएटर म्हणजे काय, वहिनी? छोटं धरणच. पातळी खालावली की वरून भर घालायची," असं म्हणून त्यांनी बागेची नळी आणली. आत आधीच कूलंटचं हिरवं पाणी होतं. वैजनाथरावांनी ते तुडुंब भरलं. दुसऱ्या दिवशी सिग्नलला काटा चढला आणि घरी पोचल्यावर त्यातलं बरंचसं पाणी उकळून पार्किंगमध्ये सांडलं. संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला: 'ज्या वाहनातून हिरवे पाणी गळते, ते आजारी समजावे. आजारी वाहन सोसायटीत आणू नये. सोसायटी हेच त्याचे घर असल्यास मालकाने आत्मपरीक्षण करावे.' खाली वैजनाथरावांची सही. भेटल्यावर म्हणाले, "वैयक्तिक घेऊ नका. धरण माझं असलं तरी पूर तुमचा."

गाडी मी शंभूच्या गॅरेजला नेली. शंभू माणूस चांगला आहे, पण त्याची एक सवय आहे. प्रश्न मी विचारते, उत्तर तो दत्तप्रसादांना देतो.

"थांबली की तापते," मी म्हणाले.

"साहेब, हे किती दिवसांपासून?" शंभूने दत्तप्रसादांना विचारलं. दत्तप्रसादांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. शंभूने ते ऐकून दत्तप्रसादांकडे बघत मान हलवली. आमचं तिघांचं संभाषण असं कॅरमच्या सोंगटीसारखं कडेला आपटून जायचं.

शंभूने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, नवं कूलंट भरलं आणि गाडी बायपासला फिरवून आणली. "साहेब, एकदम बर्फ," तो आल्यावर म्हणाला.

"अहो, चालवली की बर्फच असते. उभी करून बघा."

त्याने ती कडुनिंबाखाली, बॉनेट उघडं टाकून, चालू अवस्थेत उभी केली. आम्ही चहा घेतला. काटा हलला नाही. दत्तप्रसादांनी सावलीकडे बघितलं, उघड्या बॉनेटकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यात बिस्कीट घातलं. गाडी उन्हात, बंद बॉनेटने, कांद्याच्या ट्रकमागे उभी राहते तेव्हा तापते, हे शंभूला पटवायला माझ्याकडे कांद्याचा ट्रक नव्हता. घरी परत येताना स्वारगेटला काटा पुन्हा लाल रेघेवर जाऊन बसला.

मग शंभूने विचार करून फोन करतो म्हणून सांगितलं. फोन अर्थातच साहेबांच्या मोबाइलवर आला. मी कणीक मळत होते. बाहेरून शंभूचा आवाज बराच वेळ येत होता, मधूनमधून 'हं' ऐकू येत होतं. फोन ठेवून दत्तप्रसाद स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"काय म्हणाला?"

"क्लच," ते म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण पुढे मी जे केलं त्याला रागाशिवाय दुसरं कारण नव्हतं. गाडी चालवणाऱ्या बाईला 'क्लच गेलाय' म्हणणं हे निदान नसतं, तो शेरा असतो. क्लचवर पाय ठेवून चालवता, असा त्याचा अर्थ. मी कात्रजचा घाट चढलेय, वरंध उतरलेय, लक्ष्मी रोडला दिवाळीत उलटी गाडी घातलीय, आणि माझा डावा पाय नेहमी त्याच्या जागी असतो. वैजनाथरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "लेडीज ड्रायव्हिंगमध्ये असं होतं असं ऐकून आहे. कुणाबद्दल वैयक्तिक नाही." त्यानंतर मी शंभूला एक शब्दही विचारला नाही. गाडी थेट धनकवडीच्या दुसऱ्या गॅरेजला नेली आणि म्हणाले, "क्लच उघडा आणि मला लेखी सांगा की तो शाबूत आहे."

त्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लचची प्लेट बघून म्हणाले, "अजून खूप चालली असती. पण उघडलंच आहे तर नवी टाकू." म्हणजे माझा पाय निर्दोष सुटला, पण शिक्षा झालीच. नव्या क्लचने गाडी प्रत्येक सिग्नलला बेडकासारखी उडी मारायला लागली, आणि उडी मारायच्या आधी, थांबल्या थांबल्या, आधीसारखीच तापायला लागली.

आता मात्र मी शंभूकडे गेले. "तुमच्या सांगण्यावरून क्लच बदलला. तरी तापते."

शंभू गोंधळला. त्याने दत्तप्रसादांकडे बघितलं. "साहेब, क्लच कशाला बदलला?"

"तुम्हीच सांगितलंत फोनवर," मी म्हणाले.

"मी म्हणालो, थर्मोस्टॅट तर बदललाय, मग वॉटर पंप असेल, बेल्ट असेल, किंवा फॅनचा क्लच असेल, नाहीतर मोठं काम. फॅनचा क्लच, ताई." पहिल्यांदाच त्याने मला ताई म्हटलं, आणि तेही केविलवाण्या आवाजात. "गिअरचा क्लच वेगळा."

"गाडीला क्लच असतात तरी किती?"

"गिअरचा एक. फॅनचा एक. एसीला पण एक असतो."

मी सावकाश वळून दत्तप्रसादांकडे बघितलं. इतक्या सगळ्या वाक्यातून त्यांनी मला नेमका एकच शब्द आणून दिला होता, आणि तोही अर्धा.

"मला वाटलं, तुला कळेल," ते म्हणाले.

शंभूने समजावलं ते असं. इंजिनापुढे रेडिएटरला वारा घालणारा मोठा पंखा असतो. गाडी पळत असली की वारा आपोआप लागतो, पंख्याची फारशी गरज नसते. थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. त्याच्या मधोमध एक डबी असते, तिच्यात दाट तेल असतं. इंजिन तापलं की ते तेल पंख्याला पकडतं आणि पंखा जोरात फिरतो. गार असताना सोडून देतं. ही पकड ढिली झाली की पंखा नुसता नावाला फिरतो.

मला हे इतकं पटलं की हायसं वाटलं. थांबली की तापते, याला शेवटी जगात कुठेतरी कारण होतं. "मग तोच बिघडलाय. कसं बघायचं?"

"इंजिन बंद करून, गार झालं की हाताने फिरवायचा. थोडा जड लागला पाहिजे."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे... थोडा," शंभू म्हणाला.

त्यानंतर आमच्या पार्किंगमध्ये त्या पंख्याला जो तो हात लावून गेला. वैजनाथरावांनी फिरवला आणि म्हणाले, "जड आहे, ठीक आहे." माझा मुलगा सलिल हिंजवडीला कंपनीत आहे, त्याने फिरवला आणि म्हणाला, "टू फ्री." सुनेने, ओवीने, नखं सांभाळून एका बोटाने फिरवला आणि म्हणाली, "क्यूट आहे." दत्तप्रसादांनी फिरवला, 'हं' म्हणाले आणि हात धुतले. मी स्वतः इतक्या वेळा फिरवला की शेवटी मला जड म्हणजे काय आणि हलका म्हणजे काय हेच कळेना. एखादा शब्द सारखा उच्चारला की त्याचा अर्थ निघून जातो, तसं झालं.

दुसरा क्लच नुसता बघायला मिळाला तरी हाताला अंदाज येईल, म्हणून मी दत्तप्रसादांना बाजारात पाठवलं. गाडीचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात हे सगळ्या पुण्याला माहीत आहे. दत्तप्रसाद बुधवार पेठेत गेले, कारण त्यांच्या हिशेबाने वस्तू पंख्याची होती. तिथल्या विजेच्या दुकानात त्यांनी 'फॅनचं' एवढंच सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "पुढे काही बोलणार आहात, की मी ओळखायचं?" दत्तप्रसाद पुढे बोलले नाहीत. दुकानदाराने ओळखलं. ते छताच्या पंख्याचा रेग्युलेटर घेऊन घरी आले. छान होता. हॉलमध्ये बसवलाय.

तोवर शंभूचंही मत फिरलं. गिअरच्या क्लचच्या घोळानंतर त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. "ताई, आता मला वाटतं फॅनचा नसेल. इंजिनाचं हेड गेलं असेल. इंजिन खोलावं लागेल," तो म्हणाला.

सलिलला हेच हवं होतं. तो बरेच दिवस म्हणत होता की गाडी काढून टाका. "आई, यू आर इमोशनली अटॅच्ड टू अ रेडिएटर," तो म्हणाला. "इंजिन खोलायचं काम निघालं म्हणजे संपलं. जुन्या गाड्या घेणारा एकजण आहे. सोमवारी बघायला येईल."

"रविवारी दीक्षाचं लग्न आहे."

"म्हणून तर सोमवारी. ॲपवरून कॅब बोलवायची, आई. तुला कुठे जायचं ते मला सांगायचं, मी इथून बुक करीन."

तो प्रेमानेच म्हणाला. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुला कुठे जायचं ते मला सांगायचं. मी शाळा सुटल्यावर एकटी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन कणीस खाऊन येत असे, ते कुणाला सांगितलं होतं? मैत्रिणीच्या नवऱ्याला पहाटे दवाखान्यात नेलं ते कुठे बुक केलं होतं? हे मी सलिलला म्हणाले नाही. म्हणाले, "लग्नाला मात्र याच गाडीने जायचं." निदान शेवटची फेरी तरी.

दीक्षा माझ्या धाकट्या बहिणीची, जयाची मुलगी. लग्न हडपसरपलीकडच्या मांजरी गावात, उसाच्या शेताला लागून असलेल्या एका लॉनवर. मुलाकडचे तिथलेच. रुखवताचं काम ओवीने घेतलं होतं. ती घरी चॉकलेटं करते. तिने चॉकलेटचं तुळशीवृंदावन केलं होतं, वर पानं, खाली पायऱ्या, चारी बाजूंना पणत्या. फारच देखणं. ते मांडीवर घेऊन ती मागे बसली, शेजारी सलिल. पुढे मी आणि दत्तप्रसाद. पैठण्या, सलिलचा रेशमी कुर्ता, बाहेर मे महिना.

फातिमानगरपर्यंत काटा शहाण्यासारखा वागला. हडपसरच्या गाडीतळाला वाहतूक थांबली. नुसती थांबली नाही, बसली. पुढे उसाची ट्रॉली आडवी झाली होती. काटा उठला.

"गाडी बंद करून टाक," सलिल म्हणाला.

बंद केली. जरा पुढे सरकायला मिळालं की चालू, की पुन्हा बंद. मागचे हॉर्न वाजवून सांगत होते की हा खेळ त्यांना आवडत नाही. नव्या क्लचच्या उड्या होत्याच. काटा चढतच गेला. सलिलने मोबाइलवर वाचायला सुरुवात केली. कुठल्याशा परदेशी माणसाने लिहिलं होतं की अशा वेळी गाडीचा हीटर पूर्ण लावावा, म्हणजे इंजिनाची उष्णता गाडीच्या आत येते आणि इंजिन वाचतं.

"आणि आतली माणसं?" ओवीने विचारलं.

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही," सलिल म्हणाला.

मी हीटर लावला. पुण्यात मे महिन्यात हीटर लावलेली ती बहुधा एकमेव गाडी असावी. आत भाजक्या शेंगांची भट्टी पेटल्यासारखी झळ आली. खिडक्या उघडल्या तर बाहेरची झळ आत येऊन तिला मिळाली. माझं कुंकू नाकावर आलं. सलिलच्या कुर्त्याचा रंग बदलला. पण काटा खरोखर थोडा उतरला. तेवढ्यात दत्तप्रसाद काही न बोलता दार उघडून खाली उतरले. त्यांच्या हातात जयाने आणायला सांगितलेला 'शुभविवाह, सुस्वागतम' असा मोठा पुठ्ठ्याचा फलक होता. ते गाडीपुढे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी फलक हलवून रेडिएटरला वारा घालू लागले. आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होतो, आणि ते उलटे चालत, वारा घालत, सगळ्या हडपसरला सुस्वागतम करत आमच्यापुढे जात होते. वाहतूक पोलिसाने त्यांना अडवलं.

"काय प्रकार आहे?"

"पंखा," दत्तप्रसाद म्हणाले.

पोलिसाने आमच्याकडे बघितलं, आत वाफाळलेल्या तीन माणसांकडे बघितलं आणि ट्रॉलीवाल्याला बाजूला घेऊन आम्हाला वाट करून दिली. त्याला काय वाटलं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

लॉनवर पोचलो तेव्हा ओवीच्या मांडीवर तुळशीवृंदावन उरलं नव्हतं. पानं पायऱ्यांत, पायऱ्या पणत्यांत आणि पणत्या ताटात उतरल्या होत्या. मधोमध एक गोल, गुळगुळीत उंचवटा राहिला होता. ओवी रडवेली झाली. जया मात्र शाळेत स्नेहसंमेलनं बसवून बसवून तयार झालेली बाई आहे. तिने ताट घेतलं, रुखवताच्या टेबलावर मधोमध ठेवलं, त्यावर बेलाचं पान ठेवलं आणि पुढे 'शिवपिंडी' अशी चिठ्ठी लावली. मुलाकडच्या बायका आल्या, त्यांनी हळदकुंकू वाहून नमस्कार केला. एका आजींनी ओवीचा हात धरून विचारलं, "कुठल्या दगडाची हाय, पोरी?"

मला अक्षता वाटायचं काम होतं. पण मुहूर्ताला अवकाश होता आणि माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गाडीजवळ जाऊन बॉनेट उघडून उभी राहिले. सोमवारी तो माणूस येणार. इंजिन निवलं होतं. सवयीने पंख्याला हात लावला, तो गरगर फिरत राहिला. जड की हलका, कोण जाणे.

मान वर केली आणि पलीकडच्या झाडाखाली मला आमचीच गाडी दिसली. म्हणजे तशीच. तेच उंच, चौकोनी प्रकरण, रंग तेवढा पांढरा, बॉनेटवर झेंडूची माळ. सकाळपासून उभी असावी, कारण टपावर पानं पडली होती. खिडकी उघडी होती. मी आजूबाजूला बघितलं. लग्नघरी दुसऱ्याच्या गाडीत हात घालू नये हे मला समजतं. पण मी हात आत घालून खटका ओढला, बॉनेट उचललं आणि पदर खोचून त्यांच्या पंख्याला हात लावला.

"काय बिघडलंय का बाई?" मागून आवाज आला.

भरघोस मिशा, गुलाबी फेटा, पांढरं धोतर. फेट्यावरून कळत होतं की वरपक्षातलं मोठं माणूस. माझे हात कोपरापर्यंत त्यांच्या इंजिनात होते. मी म्हणाले, "तुमचा पंखा बघत होते."

ते धोतर सावरून शेजारी येऊन वाकले. "काय झालं पंख्याला?"

ते कोंडीराम, मुलाचे मामा. ऊस, द्राक्षं आणि ही गाडी, एवढंच त्यांचं जग. मी त्यांना सगळं सांगितलं, थांबली की तापते इथपासून. आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकणारा म्हणाला, "म्हंजी चालताना तापत न्हाई." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आम्ही त्यांचा पंखा फिरवला. ढकलला की लगेच थांबायचा. मग माझा फिरवला. गरगर, गरगर. पुन्हा त्यांचा, पुन्हा माझा.

"दोन्ही येगळं हायेत," कोंडीराम म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "आता यात बिघडलेला कंचा? आमचा तर लईच आखडलाय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही दोघं दोन बॉनेटांच्या मध्ये उभं राहून विचार करू लागलो. त्यांच्या पंख्याच्या डबीवर कोरडी धूळ होती, माझ्या डबीवर तेलकट काळा थर. पण तेलकट असणं चांगलं की वाईट?

"तुमची तापते का?" मी विचारलं.

"कधीच न्हाई. आवाज तेवढा करती. उन्हात उभी केली की विमानागत घोंघावती."

"माझी नाही करत," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला आठवलं. माझीही करायची. गेल्या उन्हाळ्यापर्यंत सिग्नलला उभी राहिली की थोड्या वेळाने पुढून गर्जना सुरू व्हायची, इतकी की बोलणं ऐकू येत नसे. मग एके दिवशी ती गेली. शंभूच्या सर्व्हिसिंगने गाडी शांत झाली असं समजून मी त्याला मिठाईचा पुडा नेऊन दिला होता. तेल गळून पंखा मेला होता आणि मी पेढे वाटले होते.

"माझाच," मी म्हणाले. "मामा, माझाच बिघडलाय. इंजिन चांगलं आहे."

त्याच वेळी ध्वनिक्षेपकावरून गुरुजींचा आवाज आला. "मुलाचे मामा जिथे कुठे असतील तिथून त्यांनी स्टेजवर यावे. मुहूर्त त्यांच्यासाठी थांबणार नाही." जरा थांबून पुन्हा म्हणाले, "अक्षता कुणाकडे आहेत?"

आम्ही दोघं पळालो. कोंडीराम भाच्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मायेने त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अल्बममध्ये नवरदेवाच्या मोतिया शेरवानीवर पाच बोटांचा काळा ठसा स्वच्छ आला आहे. मी अक्षता वाटल्या. ज्यांनी माझ्या हातून घेतल्या त्यांना त्या तिळासारख्या दिसल्या असतील. सगळे वधूपक्षाची रीत असेल असं समजले.

जेवणं झाल्यावर कोंडीरामांनी मांडववाल्याकडून जाड तार आणली. मध्येच कुणी गाडी चालू करू नये म्हणून किल्ली मी कमरेला खोचली. "पंखा सुटतोय न्हवं, मग बांधून टाकू," असं म्हणत त्यांनी पंखा मागच्या पुलीला तारेने आवळला, म्हणजे इंजिन फिरेल तसा तोही फिरलाच पाहिजे. "टिकंल का, ते मला ठाव न्हाई. पळवू नका. पन घरी पोचाल." मी गाडी चालू केली. पुढून अशी गर्जना उठली की झाडावरचे कावळे उडाले आणि बँडवाल्यांनी वळून बघितलं. सलिल आणि ओवीने परतीला जयाच्या गाडीत बसायचं ठरवलं. मी आग्रह केला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी तो गाडी घेणारा माणूस आला, त्याला मी चहा दिला आणि पाठवून दिलं. सलिलने एकदा पंख्याकडे आणि एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि ॲपचा विषय काढला नाही. शंभूने तार कापून नवा फॅन क्लच बसवला, आणि किल्ली माझ्या हातात देताना "ताई, घाटात चढवून बघा" असं, माझ्याकडे बघून म्हणाला. वैजनाथरावांनी आवाजाबद्दल चौकशी केली, पण ती वैयक्तिक नव्हती.

मला खरं सांगायचंय ते परतीच्या वाटेचं. ऊन उतरलं होतं. गाडीत दोघंच होतो. गाडीतळाला वाहतूक तशीच बसलेली होती, आणि आमचा काटा अर्ध्याच्या खाली झोपलेला. मी तो दत्तप्रसादांना दाखवायला बाजूला वळले, तर ते बोलत होते.

'हं' नव्हे. बोलत होते. पंख्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण ओठ सारखे हलत होते, हात हलत होते, मध्येच ते हसले, मध्येच कपाळाला हात लावला. मी "काय?" म्हणून ओरडले, तर त्यांनी 'पुढे बघ' अशी खूण केली आणि बोलणं चालूच ठेवलं. फातिमानगर गेलं, स्वारगेट गेलं, ते बोलत होते. इतक्या वर्षांत त्यांनी घरात केलं नसेल एवढं भाषण त्यांनी त्या एका वाटेत केलं असावं. मला काही कळेना. भांडत असावेत म्हणावं, तर चेहरा तसा नव्हता.

पार्किंगमध्ये येऊन मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"अहो, वाटभर काय बोलत होतात?"

ते दचकले. "तुला ऐकू आलं?"

"एक शब्द नाही."

त्यांनी रुमालाने मान पुसली. चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि थोडं वाईट वाटल्यासारखंही. "झालं सांगून," ते म्हणाले, आणि फलक काखेत मारून जिन्याकडे गेले.

नव्या फॅन क्लचने गाडी एरवी शांत असते. पंखा फक्त इंजिन तापलं की घोंघावतो. कात्रजचा घाट चढायला लागलो की अर्ध्यावर तो पकड घेतो, आवाज वाढतो, आणि शेजारी दत्तप्रसादांचे ओठ हलायला लागतात. वर पोचून उतार लागला, इंजिन निवलं की तेही थांबतात. विचारलं तर 'हं'. हल्ली मी महिन्यातून एकदा उगाचच घाट चढते. रस्त्यावर नजर ठेवून तिरक्या डोळ्याने त्यांच्या ओठांकडे बघते. एक शब्द मला आता ओळखता येतो, ते माझं नाव आहे. त्याच्या पुढचं अजून लागत नाही.